चार बाजू आणि एक कर्ण

एका शेताच्या चारही बाजू पंचवीस-पंचवीस हात आहेत, तर त्याचे क्षेत्रफळ किती? वाचकहो, उत्तराची घाई करू नका. माझ्या वर्गात हा प्रश्न घातला, की मागच्या बाकापर्यंत एकच आवाज उठतो, सहाशे पंचवीस! परभणी जिल्ह्यातली ही मुले, घरोघर शेती. पण शेत म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे वहीतलाच चौरस उभा राहतो. जिंतूरच्या वाटेवर असे चौरस शेत किती दिसते, सांगा पाहू?

भास्कराचार्यांनी सन ११५० च्या सुमारास रचलेल्या 'लीलावती'त नेमके हेच पंचवीस बाजूचे क्षेत्र घेतले आहे. एक कर्ण ३० धरला तर दुसरा ४० येतो, आणि क्षेत्रफळ ६००. पहिला कर्ण १४ धरा. दुसरा ४८ होतो आणि क्षेत्रफळ उतरते ३३६ वर. बाजू त्याच, त्यांतली एक वीतही कमी झाली नाही. जमीन मात्र जवळजवळ निम्मी गेली! खोटे वाटत असेल तर चार सारख्या काड्या टोकांशी दोऱ्याने बांधा अन् एका कोपऱ्याला धरून दाबून बघा.

कर्ण किंवा लंब न सांगता जो असल्या क्षेत्राचे फळ विचारतो तो पिशाच्च, आणि जो उत्तर देतो तो त्याहून मोठा, असे आचार्य बजावतात. एरवी हा ग्रंथकार किती प्रसन्न! भुंगे, हंस, कमळे यांच्यातून गणित शिकवणारा. मग इथेच का बरे एवढा चिडला? ब्रह्मगुप्तांनी सन ६२८ मध्ये नुसत्या चार बाजूंवरून क्षेत्रफळ काढण्याची रीत दिली होती. चारही कोपरे एका वर्तुळावर बसत असतील तरच ती बिनचूक. नाहीतर उत्तर फुगून येते. रीत पाठ करणाराला हे दिसत नसे. मला वाटते, आचार्यांचा राग अज्ञानावर नव्हता, अपुऱ्या मापावर ठामपणे बोलण्यावर होता. ग्रंथाच्या आरंभीच ते मापे बांधून देतात: आठ यवांचे अंगुळ, चोवीस अंगुळांचा हात, चार हातांचा दंड. आधी हे, मग गणित.

आचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापिला. त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. ते यादवांचे दिवस, आणि आपला गोदाकाठही देवगिरीच्याच छत्राखाली होता.

आता त्या पोथीतून आपल्या बांधावर येऊ. निजामी अमदानीत इकडे पैमाईश झाली. तीत शेताच्या नुसत्या कडा मोजून भागत नसे. शेतातून एक पायारेषा टाकायची, तिच्यावर प्रत्येक कोपऱ्यातून लंब घ्यायचा, आणि ती सारी मापे टिपणात उतरवायची. ३३ फूट लांब व तितकाच रुंद तो गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. आचार्यांनी मागितलेला लंब तो हाच! उलट खरेदीखतातली चतुःसीमा पाहा: पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस नाला. शेत कुठे आहे ते कळते, केवढे आहे ते नाही.

माझ्या पाहण्यात एक वाटणीपत्र आले होते. दोघा भावांच्या तुकड्यांच्या चारही बाजू फुटांत लिहिलेल्या, अगदी सारख्या. धाकट्याचा तुकडा नाल्याकडे तिरपा झुकलेला. वर्षे गेली, बोलणे तुटले. मोजणी झाली तेव्हा त्याचे साडेतीन गुंठे कमी भरले. लबाडी कोणाचीच नव्हती. त्या कागदावर एक आकडा लिहायचा राहिला होता, बस्स.

हल्ली मुले संगणकावर आकृत्या काढतात. तिथेही तोच पेच आहे. आयताला रुंदी-उंची पुरते, तिरप्या चौकोनाला पुरत नाही. शिवाय कडेची रेषा मापात धरायची की नाही? पुष्कळ ठिकाणी ती कडेच्या दोहो अंगांना निम्मी-निम्मी बसते. शंभर ठिपके रुंदीच्या आकृतीला दहा ठिपक्यांची रेषा दिली की कागदावर एकशे दहा भरतात, आणि ते कुठेच लिहिलेले नसते. एका विद्यार्थ्याने हे मला दाखवले तेव्हा मी त्याला त्याच्याच शेताचे विचारले: तुमचे माप बांधाच्या मध्यापासून, की आतल्या कडेपासून? तो म्हणाला, "सर, आबांना विचारून सांगतो."