धसकटं रानातच राहू द्यावीत का?

उन्हाळ्यात आमच्या बीड जिल्ह्यात संध्याकाळ धुराच्या वासानं कळते. बांधावर पऱ्हाट्या पेटतात, उसाच्या फडात पाचट. रान साफ झालं, असं आपण म्हणतो. साफ रान म्हणजे चांगलं रान, ही समजूत मात्र फार जुनी नाही.

पूर्वी दख्खनच्या काळ्या रानात दरसाल नांगरट नसे. हरळी-कुंदा माजला की काही वर्षांनी नांगर धरायचा. एरवी वखराच्या पाळ्यांवर भागायचं. 1903 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडानं जमिनीला विष चढेल म्हणून शेतकरी भ्यायले होते. पुढे नांगर रुळला, ट्रॅक्टर आला आणि खोल नांगरट ही कष्टाळूपणाची खूण ठरली. अमेरिकेत मात्र 1930 च्या दशकात नांगरून उघडी पडलेली माती वादळांनी उडवून नेली. 1943 साली एडवर्ड फॉकनर यांनी पुस्तक लिहून नांगरालाच आरोपी केलं.

विष चढलं नाही, हे खरं. पण माती उलथली की आतल्या सेंद्रिय अंशाला हवा मिळते, सूक्ष्मजीव तो झपाट्यानं खातात आणि कर्ब वायू होऊन उडून जातो. शिवाय एक लिटर डिझेल जळालं की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पाचट पेटवलं तर मिथेन, नायट्रस ऑक्साइड आणि काजळीही. तेच पाचट अंथरलं तर ओल टिकते आणि कुजताना थोडा कर्ब मातीत मुरतो. रायगड जिल्ह्यात नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी नांगरणीविना, मुळं जमिनीतच ठेवून शेती करून दाखवली.

मात्र ही जादू नव्हे. ओल्या, भारी जमिनीत आच्छादनाखाली युरिया जास्त पडला तर नायट्रस ऑक्साइड वाढू शकतो. तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे 273 पट तापदायक. साठलेला कर्ब बहुतेक वरच्या थरात राहतो. पुन्हा खोल नांगरलं की निसटतो. तणाचा प्रश्नही उरतोच: खुरपणीला मजूर नाहीत, म्हणून हात तणनाशकाकडे जातो.

आणि आमची खरी अडचण निराळीच. इथं ज्वारीचा कडबा म्हणजे जनावराचा जीव. 2019 च्या दुष्काळात जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या उघडाव्या लागल्या. अशा मुलखात कडबा रानात अंथरा, असं कोणत्या तोंडानं सांगावं?

म्हणून मी वाटणी सुचवतो. कडबा दावणीला जाऊ द्या. पाचट, पऱ्हाटीचा चुरा, तुरीचा पाला, धसकटं मातीला राहू द्या. आमची माणसं कोयता घेऊन परमुलखात ऊस तोडतात. वाढे जनावरांना जातात, पाचट मागं राहतं. ज्याच्या पोटाला ते लागत नाही, त्यानंच ते पेटवायचं थांबवावं. काडी ओढण्याआधी एवढा विचार केला, तरी पुष्कळ झालं.