दोष घडीचा की माणसाचा?

आमच्या संस्थेच्या वार्षिक सभेत एक वाद दरसाल निघतो. वसतिगृहाचे हिशेब वेळेवर पुरे होत नाहीत. एक पक्ष म्हणतो, खजिनदार बदला; दुसरा म्हणतो, नियम बदला. खजिनदार तर आजवर अनेक बदलले. वर्गणीची पावतीपुस्तके मात्र गावोगाव जातात ती पूर्वीप्रमाणेच वर्ष-दीड वर्षाने परत येतात. या वादावर आपल्या चाकूरच्याच एका सुपुत्राच्या चरित्रातून काही प्रकाश पडतो, असे आम्हांस वाटते.

कै. शिवराज पाटील चाकूरकर यांचा जन्म १९३५ साली चाकूर येथे झाला. लातूरचे नगराध्यक्षपद, पुढे विधानसभा आणि १९८० पासून सात वेळा लोकसभा, ही त्यांची वाटचाल वाचकांस ठाऊक आहेच. १९९१ ते १९९६ या काळात ते लोकसभेचे सभापती होते. तोवर निरनिराळ्या खात्यांच्या खर्चाच्या मागण्या, वेळ पुरत नाही म्हणून, बहुतांशी चर्चेवाचूनच संमत होत. यात सदस्यांची हयगय नसेलच असे नव्हे. परंतु इतक्या खात्यांचा खर्च भरसभागृहात बारकाईने तपासणे कोणासच शक्य नव्हते. १९९३ साली खातेवार १७ स्थायी समित्या स्थापन झाल्या. प्रत्येकीत दोन्ही सभागृहांचे मिळून ४५ सदस्य. मागण्या प्रथम समितीपुढे जाऊ लागल्या. सदस्य तेच होते, बसण्याची रीत तेवढी बदलली. चर्चेवाचून मंजुरी देण्याची प्रथा त्याने संपली नाही हे खरे. परंतु आकडे निदान कोणाच्या तरी नजरेखालून जाऊ लागले. पुढे सभापती अनेक आले व गेले. समित्या राहिल्या, आणि त्यांची संख्या २४ वर गेली.

हेच गृहस्थ मे २००४ मध्ये देशाचे गृहमंत्री झाले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री समुद्रमार्गे आलेल्या दहा हल्लेखोरांनी मुंबईत जो संहार केला, त्यात १६६ जणांचे प्राण गेले. राष्ट्रीय सुरक्षा दलाचे जवान हरियाणातील मानेसरहून यावयाचे, ते दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत पोहोचले. ३० नोव्हेंबरला चाकूरकरांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. पाठोपाठ मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांसही पद सोडावे लागले. तेही आपल्याच बाभळगावचे.

त्या दिवसांत चाकूरकरांच्या पोशाखाचीही चर्चा पुष्कळ झाली. ती आम्हांस तेव्हाही क्षुद्र वाटली. माणूस दोषी ठरवावयाचा झाला की त्याचे कपडेही साक्षीस येतात!

परंतु ते गाववाले म्हणून त्यांची वकिली करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. किनारा उघडा होता हे १९९३ सालीच दिसले होते. मुंबईच्या बाँबस्फोटांची स्फोटके रायगडच्या किनाऱ्यावर उतरली होती. मधल्या १५ वर्षांत केंद्रात आणि राज्यात गृहमंत्री कितीतरी झाले. तेव्हा दोष एका माणसाचा म्हणणे हा अन्याय होय. पण आता दुसरी बाजू पाहा. राष्ट्रीय अन्वेषण संस्थेचा कायदा डिसेंबर २००८ संपण्यापूर्वी संमत झाला. २००९ मध्ये मुंबई, चेन्नई, हैदराबाद व कोलकाता येथे सुरक्षा दलाची केंद्रे उभी राहिली. जे महिन्या-वर्षात होऊ शकले, ते आधीच्या साडेचार वर्षांत का होऊ नये? पोलीस हा राज्यांचा विषय, हे उत्तर पुरे पडत नाही. तो विषय डिसेंबरातही राज्यांचाच होता. घडी वाईट होती, आणि ती वाईट आहे हे पाहणे ज्यांचे काम होते, त्यांत चाकूरकर सर्वांत वरच्या आसनावर होते. ज्याने संसदेत नवी घडी बसविली, त्यास ते काम साधत नव्हते असेही म्हणता येत नाही. म्हणूनच या प्रसंगाची खंत आम्हांस अधिक वाटते. १२ डिसेंबर २०२५ रोजी लातूर येथे त्यांचे देहावसान झाले, तेव्हाही लोकांच्या तोंडी तो राजीनामाच होता. समित्यांचे नाव घेणारे थोडे.

येत्या सभेपुढे या वर्षीही दोन ठराव आहेत: एक खजिनदार बदलण्याचा, दुसरा पावतीपुस्तक तीन महिन्यांत परत न आल्यास त्या गावास नवे न देण्याचा. पहिल्यावर २७ सह्या आहेत. दुसऱ्यावर तूर्त चार, त्यांतील एक आमची आणि एक खुद्द खजिनदारांची.