तेरचे पाणी आणि तिवरांचे रान

जानेवारी २०२० मध्ये धाराशिव येथे, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत, ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. संमेलननगरीला तेरच्या संत गोरोबाकाकांचे नाव दिले होते आणि अध्यक्षपद भूषवीत होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. २०२४ साली फादर आपल्यातून गेले. समुद्राच्या वाऱ्यावर वाढलेला हा धर्मगुरू आणि समुद्रापासून तीनशे किलोमीटरांहून दूर असलेला तो मराठवाड्यातील जिल्हा यांची भेट अनेकांना निव्वळ योगायोगाची वाटली असेल. आम्हांस तसे वाटत नाही. कोकणचा किनारा आणि तेर यांचे नाते सुमारे दोन हजार वर्षांचे आहे. त्या नात्याला एक अबोल साक्षीदारही आहे: खाडीच्या चिखलात उभे असलेले तिवराचे झाड.

तेरणा नदीच्या काठचे आजचे तेर हेच प्राचीन तगर होय, असे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली प्रतिपादिले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा अनाम लेखकाने ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी व्यापाराच्या पुस्तकात, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याची नोंद आहे. तेथून कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जाई. समुद्रकाठच्या मुलखातून आलेला मालही तगरच्या बाजारपेठेत असे. त्याच पुस्तकात सोपारा आणि कल्याण या बंदरांचाही उल्लेख येतो. पुढे उत्तर कोकणावर राज्य करणारे शिलाहार राजे स्वतःस 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. राज्य खाडीकाठचे, पण कुळाचा अभिमान तेरचा!

ही जुनी बंदरे उघड्या समुद्रावर नव्हती. लाटांचा मारा जेथे पोहोचत नाही अशा खाड्यांच्या आणि नदीमुखांच्या आसऱ्याला ती वसली. तिवरालाही नेमकी अशीच जागा लागते. सोपाऱ्याचा स्तूप भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली उकरून काढला आणि सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्याच परिसरात सापडला. नवव्या शिलालेखाचा तुकडा १९५६ साली आपल्या वसईतील भुईगाव येथे मिळाला. बंदराचे वैभव गेले, खाडी गाळाने भरत आली; तिवरे मात्र उत्तर कोकणच्या खाड्यांत आजही उभी आहेत.

या झाडाकडे आपण कधी नीट पाहिले आहे काय? भरतीला त्याच्या मुळांवर खारे पाणी चढते, ओहोटीला उरतो तो काळा, घट्ट चिखल. त्या चिखलात हवा जवळजवळ नसते. इतर झाडाचे मूळ तेथे कुजून जाईल. तिवराने त्यावर उपाय योजला आहे. त्याची मुळे आडवी पसरतात आणि त्यांच्यापासून पेन्सिलीसारखी शेकडो टोके चिखलाबाहेर वर येतात. ही श्वसनमुळे होत. त्यांच्यावरील बारीक छिद्रांतून ओहोटीच्या वेळी हवा आत जाते आणि गाळाखालील मुळांना पोहोचते.

मिठाचा बंदोबस्तही असाच आहे. पाणी आत घेतानाच मूळ बरेचसे मीठ बाहेर अडवते. जे आत शिरते ते पानांवरील सूक्ष्म ग्रंथींतून टाकले जाते. उन्हाच्या वेळी तिवराच्या पानावर मिठाचे कण चमकताना दिसतात. पान जिभेला लावून पाहावे, ते खारट लागते. पिवळसर नारिंगी, लहान फुलांवर मधमाश्या येतात. बी झाडावर असतानाच फळाच्या आत अंकुरते. फळ पाण्यात पडले की पातळ साल सुटते आणि आतला कोवळा जीव तरंगत जाऊन सोयीच्या चिखलात रुजतो. कांदळाचा अंकुर तर फळातून बाहेर येऊन शेवग्याच्या शेंगेसारखा झाडालाच लोंबतो. समुद्राच्या लाटेवर लेकरू सोडायचे तर त्याला आधी घरीच थोडे वाढवावे, हे शहाणपण या झाडांना निसर्गाने दिले आहे.

आपल्याकडे तिवराच्या प्रामुख्याने दोन जाती आढळतात. एकीला शास्त्रज्ञ 'अ‍ॅव्हिसेनिया मरीना' म्हणतात. ती पुष्कळ खारेपणा, शहरांचे सांडपाणीसुद्धा, सोसते. म्हणून मुंबई-ठाण्याच्या खाड्यांत तिचेच राज्य आहे. दुसरी 'अ‍ॅव्हिसेनिया ऑफिसिनॅलिस'. तिची फुले मोठी असतात. पूर्वी तिवराला स्वतंत्र कुळ मानीत. आता ते आपल्या अंगणातल्या अबोलीच्या आणि अडुळशाच्या कुळात गणले जाते.

या शास्त्रीय नावांमागील इतिहास मोठा मनोरम आहे. सतराव्या शतकात कोचीनचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हेडे याने मलबारच्या वनस्पतींवर 'होर्तुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला (१६७८-१६९३). गव्हर्नर प्रॉटेस्टंट, पण आरंभी त्याला मोलाचे साहाय्य मिळाले ते फादर मॅथ्यू या कार्मेलाइट संन्याशाचे. वनस्पतींचे ज्ञान पुरविले इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याने. याच ग्रंथात तिवराचे चित्र व वर्णन आले. लिनियसने १७५३ साली त्याचा आधार घेतला आणि नाव दिले ते बुखाऱ्याकडील मुसलमान हकीम इब्न सीना याचे, ज्याला युरोप 'अ‍ॅव्हिसेना' म्हणून ओळखतो. एका चिखलातल्या झाडाचे नामकरण होण्यासाठी किती धर्मांची आणि किती देशांची माणसे एकत्र आली!

आपल्या किनाऱ्याच्या बाबतीत हे कार्य फादर एथेलबर्ट ब्लाटर यांनी केले. स्वित्झर्लंडच्या डोंगरांत जन्मलेले हे जेझुइट धर्मगुरू मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवीत. तत्कालीन मुंबई इलाख्यातील खारफुटी आणि तिचे जीवन यांवर त्यांनी १९०५ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला. लोक ज्या चिखलातून नाक मुरडून जात, तेथे ते अभ्यासक म्हणून गेले.

खाडीकाठच्या माणसाला मात्र तिवराचे मोल पुस्तकाविना ठाऊक होते. चुलीला त्याचे सरपण, गुरांना त्याचा पाला. त्याच्या मुळांत कोळंबी आणि बोयची पिल्ले वाढतात, चिंबोऱ्या बिळे करतात, निवट्या चिखलावर उड्या मारतात. गोव्यातील खाजणांचे बांध उधाणाच्या पाण्यापासून राखण्यातही खारफुटीचा हात आहे.

आता पुन्हा तेरकडे वळू. तेथला माल पश्चिमेच्या बंदरांकडे गेला, पण तेथले पाणी पूर्वेला जाते. तेरणा मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला, आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. तिच्या मुखाशी, काकीनाड्याजवळ, कोरिंगाचे विस्तीर्ण खारफुटीचे रान आहे आणि त्यात तिवरांच्या याच दोन्ही जाती आहेत. नदीचे गोडे पाणी आणि गाळ यांवर ते रान पोसले आहे. गोदावरीच्या खोऱ्यात धरणे झाली आणि मुखाशी पोहोचणारा गाळ घटला. दुष्काळी मुलखाने पाणी अडवू नये, असे कोण म्हणेल? पण डोंगराळ माथ्यावर जे घडते त्याचा हिशेब सागरतीरी लागतो, एवढे दोघांनीही जाणले पाहिजे.

आमच्या किनाऱ्यावर धोका निराळा आहे. तिवर मारायला कुऱ्हाड लागत नाही. भराव टाकून भरतीची वाट बंद केली, किंवा श्वसनमुळे मातीखाली गाडली, की झाड उभ्या उभ्या वाळते. मग 'येथे काहीच नव्हते' असे म्हणायला माणूस मोकळा. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये खारफुटीच्या तोडीस मनाई केली आणि सप्टेंबर २०१८ च्या निकालाने ते संरक्षण पक्के केले. २०१२ साली राज्याचा कांदळवन कक्ष स्थापन झाला. २०२० साली पांढऱ्या चिप्पीला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला. वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात महाराष्ट्राचे खारफुटीक्षेत्र ३२४ चौरस किलोमीटर नोंदले आहे.

कायदा आहे, आकडे आहेत. परंतु रात्री खाडीत रिकामी होणारी डंपरभर माती न्यायालयाला दिसत नाही. ती खाडीकाठच्या घराला दिसते. वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी आपली माणसे रस्त्यावर उतरली, कारण बागायतीचे मोल आपल्याला ठाऊक होते. तिवराला फळबागेचा मान नाही, त्याला मालकही नाही. म्हणूनच त्याच्या बाजूने बोलणारे कुणी हवे. त्याचा आरंभ ओळखीपासून व्हावा. एखाद्या रविवारी, ओहोटीची वेळ पाहून, मुलांना खाडीवर न्यावे, चिखलातून वर आलेली ती बोटे दाखवावी, आणि हे झाड श्वास कसा घेते ते त्यांना सांगावे.