राडारोड्यातील विटांची भुकटी (सिमेंटपूरक)

राडारोड्यातील विटांची भुकटी म्हणजे इमारतींच्या पाडकामातून निघालेल्या भाजक्या विटा व कौले बारीक दळून तयार केलेली पूड होय. काँक्रीट किंवा गिलाव्यातील सिमेंटचा काही भाग कमी करून त्याऐवजी ती वापरली जाते. राडारोड्याची खडी वा वाळू करण्यापेक्षा हा उपयोग वेगळा आहे, कारण येथे भुकटी केवळ पोकळी भरत नाही, तर रासायनिक क्रियेत भाग घेते.

== कार्यपद्धती ==
माती साधारण ६०० ते ९०० अंश सेल्सिअसला भाजली असता तिच्यातील खनिजांची स्फटिकरचना मोडते आणि क्रियाशील सिलिका व ॲल्युमिना तयार होतात. सिमेंटमध्ये पाणी मिसळल्यावर मुक्त होणाऱ्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडशी त्यांचा संयोग होऊन नवा बंधक पदार्थ बनतो. या गुणधर्मास पोझोलानी गुणधर्म म्हणतात. मात्र वीट अतिशय भाजली गेल्यास पुन्हा स्फटिक बनू लागतात व क्रियाशीलता घटते. त्यामुळे काळपट, खंगर विटा पक्क्या दिसत असल्या, तरी या कामास कमी उपयोगी ठरतात. भुकटी सिमेंटइतकी बारीक असणेही आवश्यक असते; जाडसर पूड वाळूसारखीच राहते.

== इतिहास ==
ही कल्पना नवी नाही. रोमन बांधकामात चुन्यात खापरांची पूड मिसळत असत. भारतात हीच पूड 'सुरखी' म्हणून ओळखली जाते. घाणीत मळलेल्या चुना-सुरखीच्या मसाल्याने अनेक जुन्या वास्तू उभ्या राहिल्या. १८९५ साली पूर्ण झालेले मुल्लपेरियार धरणही चुना-सुरखीत बांधलेले आहे. पोर्टलँड सिमेंटच्या प्रसारानंतर सुरखी मागे पडली.

== लाभ व मर्यादा ==
सिमेंटचा क्लिंकर बनवताना भट्टीच्या इंधनातून आणि त्याहून अधिक प्रमाणात खुद्द चुनखडीच्या विघटनातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. विटा आधीच भाजलेल्या असल्याने त्यांना केवळ दळण्याची ऊर्जा लागते.

प्रयोगांत सहसा १० ते २० टक्के सिमेंट बदलले जाते. सुरुवातीची ताकद कमी भरते, पुढे ती वाढत जाते. म्हणून क्युरिंग अर्धवट सोडणे येथे विशेष महागात पडते. भुकटी सच्छिद्र असल्याने पाणीही अधिक लागते.

खरी अडचण वर्गीकरणाची आहे. राडारोड्यात जिप्समचे तुकडे मिसळल्यास त्यातील सल्फेटमुळे काँक्रीट फुगून तडे जाऊ शकतात. ॲस्बेस्टॉसचे पत्रे दळणे तर आरोग्यास घातकच. विटा पाडतानाच वेगळ्या ठेवल्या नाहीत, तर नंतरची निवड खर्चिक ठरते.

== मानके ==
भारतीय मानक १३४४ हे भाजलेल्या मातीच्या पोझोलानाविषयी आहे, पण पाडकामातील मिश्र विटांचा दर्जा एकसारखा नसल्याने प्रत्येक साठ्याची चाचणी आवश्यक ठरते. भारतीय मानक ३८३ च्या २०१६ मधील आवृत्तीने पुनर्चक्रित खडीस मर्यादित मुभा दिली. तथापि ते मानक खडी-वाळूपुरते असल्याने सिमेंटच्या जागी जाणारी भुकटी त्यात येत नाही. युरोपात २०२३ च्या ईएन १९७-६ या मानकाने पुनर्चक्रित बांधकाम साहित्य असलेल्या सिमेंटला स्वतंत्र स्थान दिले आहे.