तेलाचे पहिले मिनिट : कुर्ल्याची फियाट आणि तिची शर्यतीतली भावंडे

मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात मानाने उभी असलेली एक लाल स्पोर्ट्स कार, या दोहोंचे इंजिन एकाच घराण्यातले आहे, हे सांगितले तर सहसा कोणाचा विश्वास बसत नाही. दोन्ही इंजिने १०८९ घन सेंटिमीटरची. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. दोहोंना मरणही एकाच रीतीने येऊ शकते : इंजिन नव्याने बांधल्यानंतर पहिल्या मिनिटभरात तेल वर चढले नाही, तर.

या घराण्याचा आरंभ १९३७ सालचा, तुरीन शहरातला. फियाटचे अभियंते दान्ते जाकोसा यांनी बालिल्ला ११०० या मोटारीसाठी हे चार सिलिंडरचे इंजिन घडवले. लोखंडी ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचे हेड, क्रँकशाफ्टला तीन मुख्य बेअरिंगांचा आधार. रचना साधी, पण पोटात बरीच ताकद राखून ठेवलेली. दुसरे महायुद्ध संपता संपता पिएरो दुझिओ या उद्योगपतीने ती ओळखली आणि ‘चिसितालिया’ या नावाने छोट्या शर्यतगाड्या बांधायला घेतल्या. १९४७ च्या मिल्ले मिलिया शर्यतीत, म्हणजे सुमारे १,८०० किलोमीटरच्या त्या अग्निदिव्यात, ५४ वर्षांचे ताझिओ नुव्होलारी चिसितालिया घेऊन उतरले. जवळजवळ तिप्पट मोठ्या इंजिनाच्या आल्फा रोमिओला त्यांनी बराच काळ मागे ठेवले. अखेरच्या टप्प्यात मुसळधार पावसाने घात केला आणि त्यांना दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. चिसितालियाचीच २०२ ही बंद छताची आवृत्ती, पिनिन फारिना यांच्या हातून उतरलेली, १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या त्या संग्रहालयातील प्रदर्शनात मांडली गेली.

त्याच सुमारास इकडे कुर्ल्यात वेगळी घडामोड चालू होती. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली होती. आग्रा रोडवरच्या, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या, त्यांच्या कारखान्यात प्रथम अमेरिकी गाड्यांची जुळणी झाली. पुढे फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० कुर्ल्याची झाली. इटलीत या मोटारीची पुढची आवृत्ती मोठ्या, १२२१ घन सेंटिमीटरच्या इंजिनाने निघाली; कुर्ल्याने मात्र १०८९ सोडले नाही. १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले तेव्हा जाकोसांच्या मूळ आराखड्याला ३७ वर्षे उलटून गेली होती.

नवी मोटार मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत थांबावे लागे, असा तो काळ. त्यामुळे जुनी मोटार टाकून देणे हा विचारच कोणाच्या मनात येत नसे. इंजिन थकले, की ते उतरवायचे, खोलायचे, बोअर करून घ्यायचे, क्रँक लेथवर घासायची, दहाची, विसाची वा तिसाची बेअरिंगे बसवायची आणि पुन्हा बांधायचे. कुर्ला, घाटकोपर, अंधेरीच्या गल्ल्यांतील गॅरेजांनी हीच विद्या जोपासली. टॅक्सीवाल्याच्या दृष्टीने तो संसाराचा प्रश्न होता. इंजिन बांधायला आठवडा लागला तर आठवड्याची कमाई गेली. आणि बांधलेले इंजिन पहिल्याच दिवशी बसले, तर कर्ज काढून केलेला सगळा खर्च मातीत.

पहिलाच दिवस इतका धोक्याचा का, हे समजण्यासाठी इंग्लंडमध्ये, १८८३ मध्ये, डोकवावे लागते.

बोशां टॉवर हे अभियंते रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर घर्षणाचे प्रयोग करीत होते. आस खालून तेलाच्या कुंडात बुडालेला, वर पितळी बेअरिंग, त्यावर जड भार. त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर तेल घालण्यासाठी एक भोक पाडले, तर तेल आत जाण्याऐवजी त्यातून वर उसळू लागले. त्यांनी बूच ठोकले. बूच निघून आले. लाकडी खुंटी ठोकली. तीही हळूहळू वर सरकली. अखेर त्यांनी तेथे दाबमापक जोडला. त्याची मोजमर्यादा होती चौरस इंचाला २०० पौंड. काटा ती ओलांडून गेला, आणि बेअरिंगवरचा सरासरी भार मात्र केवळ १०० पौंडांच्या आसपास होता! विज्ञानाच्या इतिहासात खुंटीने एवढे मोठे सत्य क्वचितच सांगितले असेल. फिरणारा आस तेलाला अरुंद फटीत पाचरीसारखे ओढून नेतो, आणि त्या पाचरीतला दाब आसाला अक्षरशः उचलून धरतो. धातू धातूला शिवतच नाही. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी याचे गणित मांडले. तेच समीकरण आजही बेअरिंगांच्या रचनेचा पाया आहे.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर व्हायला हवा. क्रँकशाफ्टला तोलून धरतो तो ऑइल पंपाचा दाब नव्हे. तोलणारा दाब आस स्वतःच, फिरता फिरता, निर्माण करतो. पंपाचे काम ती पाचर उपाशी राहू न देण्याचे. वेगवान यंत्रांना दाबाने तेल पुरवण्याची ही युक्ती बर्मिंगहॅममधील बेलिस यांच्या कारखान्यातील ए. सी. पेन यांनी १८९० मध्ये वाफेच्या इंजिनासाठी योजली. मोटारींनी ती पुढे आपलीशी केली. म्हणूनच काटा शून्यावर असतो तेव्हा बेअरिंग तत्क्षणी जळत नाही. त्याच्याजवळ शिल्लक असलेल्या तेलावर ते काही काळ तग धरते, आणि मग एकाएकी धातू धातूला भिडतो.

नव्याने बांधलेल्या इंजिनात ही शिल्लकच नसते. ब्लॉक धुऊन, वाऱ्याने फुंकून स्वच्छ केलेला, तेलाच्या वाटा कोरड्या, फिल्टर रिकामा, पंपही कोरडा. दातेरी चाकांचा पंप तेल उत्तम ढकलतो, हवा मात्र त्याला नीट ओढता येत नाही. चाके आणि पेटी यांमधली फट तेलानेच बंद होते. तेल नसेल तर पंप जागच्या जागी हवा घुसळत बसतो. चेंबरमध्ये काठोकाठ तेल आणि चार इंचांवरचे बेअरिंग कोरडे, अशी विचित्र अवस्था होते. शर्यतीच्या गाड्यांत हे संकट दुप्पट असते. चिसितालियाच्या डी-४६ या एकआसनी गाडीत कोरड्या चेंबरची योजना होती : वेगाने वळताना तेल एका बाजूला लोटले जाऊन पंपाचे तोंड उघडे पडू नये, म्हणून तेलाची टाकी वेगळी. वळणावरची चिंता मिटली, पण पुनर्बांधणीनंतर टाकी, लांब नळ्या आणि पंप हे सारेच भरून घेण्याचे काम वाढले.

जाणता मेकॅनिक म्हणूनच चावी फिरवण्याची घाई करीत नाही. पंप बसवतानाच त्याच्या चाकांमध्ये व्हॅसलीन भरतो. ते फट बंद करते, पंपाला पहिला घोट ओढण्याचे बळ देते आणि गरम तेलात विरघळून जाते. घट्ट ग्रीस येथे चालत नाही, ते बारीक वाटांत अडकून बसते. डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावरूनच पंप फिरतो अशा इंजिनांत डिस्ट्रिब्युटर काढून, ड्रिलला योग्य दांडा लावून पंप बाहेरूनच फिरवता येतो. दिशा तेवढी चुकवायची नसते. नाहीतर चारही स्पार्क प्लग काढायचे, म्हणजे दाबाचा भार बेअरिंगांवर येत नाही, आणि स्टार्टरने थांबत थांबत इंजिन फिरवत राहायचे. ज्या गाडीत नुसता लाल दिवा असतो, तीत या कामापुरता काट्याचा मापक जोडलेला बरा. दिवा अगदी थोड्या दाबानेही विझतो आणि खोटा धीर देतो.

तरीही काटा हलला नाही तर? शहाणपण इथेच पणाला लागते, कारण ‘चालू केले की येईल दाब’ ही समजूत कित्येक क्रँकांना भोवली आहे. दोष बहुधा क्षुल्लक असतो. तेल ओढणाऱ्या नळीचे पॅकिंग नीट बसलेले नसते आणि पंप तेलाऐवजी हवा पितो. दाब मर्यादित ठेवणाऱ्या झडपेत कापडाचा धागा वा किस अडकून ती उघडीच राहते. ब्लॉक धुताना काढलेला एखादा बूच परत बसवायचा राहून जातो आणि सारे तेल आतल्या आत चेंबरमध्ये सांडते. जाड तेल ओतून काटा वर आणणे हा तर आजार झाकण्याचा प्रकार.

आणि दाब आल्यावर नेमके उलटे वागावे लागते. नव्या इंजिनाला संथ चालू ठेवावे, असे कोणालाही वाटेल. पण कॅमशाफ्ट आणि टॅपेट नवे असतील तर त्यांना बरेचसे तेल क्रँकच्या फेकीतून, शिंतोड्यांनी मिळते. संथ गतीत ते पुरत नाही. म्हणून पहिली वीस मिनिटे इंजिन दीड-दोन हजार फेऱ्यांवर ठेवायचे, मगच त्याला विसावा.

उपनगरांतील गॅरेजांवर कसोटीचा एक प्रसंग निसर्गानेच आणला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रुझ वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. मिठी नदी कुर्ला-कालिन्यात शिरली आणि असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. तेलात पाणी मिसळले की त्याचा दुधट लगदा होतो. टॉवर यांची ती पाचर त्यात टिकत नाही. बुडालेली गाडी ज्यांनी चावी फिरवून पाहिली, त्यांनी इंजिनाचे नुकसान स्वतःच्या हाताने वाढवले. ज्यांनी आधी चेंबर उघडला, त्यांना निदान आशा राहिली.

कुर्ल्याचा कारखाना तोवर मोटारी काढेनासा झाला होता. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली, आणि वीस वर्षांची वयोमर्यादा संपताच, ३० ऑक्टोबर २०२३ पासून, पद्मिनी टॅक्सी म्हणून मुंबईत धावेनाशी झाली. उरल्या त्या हौशी मालकांच्या, सणासुदीला बाहेर निघणाऱ्या. त्या वर्षातले बरेच महिने उभ्याच असतात. तेल खाली उतरते, बेअरिंगे सुकतात, आणि जुन्या ओळखीचा मेकॅनिक शोधावा लागतो. तो आला की प्रथम प्लग काढतो, तेल तपासतो आणि स्टार्टर देतो. चार-दोन वेळा नुसतीच घरघर ऐकू येते. मग आवाज किंचित जड होतो, फिरणे मंदावते, आणि काटा थरथरत शून्यावरून उठतो. त्यानंतरच तो प्लग परत बसवायला घेतो.