उदगीरची फौज आणि पानिपतची थंडी

३ फेब्रुवारी १७६० रोजी आपल्याच उदगीर-औसा भागात सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला, हे तुम्ही शाळेत वाचलेलं असेल. पुढच्याच महिन्यात, ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, परतूरहून फौज उत्तरेला निघाली. ऑगस्टमध्ये दिल्ली घेतली, ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा. नोव्हेंबरपासून मात्र पानिपतला अब्दालीसमोर तळ पडला, तो थेट १४ जानेवारी १७६१ पर्यंत.

आपल्याकडे पारा १० अंशांखाली गेला की बातमी होते. पानिपतकडे जानेवारीच्या पहाटे तो चार-पाच अंशांवर येणं नेहमीचंच, वर दाट धुकं. 'दख्खनच्या माणसांना तिकडची थंडी सोसली नाही,' असं आपण सहज म्हणून जातो. डॉक्टर म्हणून मला हे उत्तर अर्धवट वाटतं.

एक गोष्ट लक्षात घ्या. घोंगडी, रजई, स्वेटर यांपैकी काहीही ऊब तयार करत नाही. ते फक्त शरीराची ऊब अडवून धरतात. ऊब तयार होते अन्नातून. कुडकुडणं म्हणजे स्नायूंनी ऊब निर्माण करण्यासाठी केलेली धडपड, आणि तिलाही इंधन लागतं. डिसेंबरमध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद तुटली आणि छावणीत उपासमार सुरू झाली. उपाशी माणसावर चार घोंगड्या घातल्या तरी चूल विझलेलीच असते.

घोड्याचं तर याहून स्पष्ट आहे. त्याच्या मोठ्या आतड्यात असंख्य जंतू वैरण आंबवत असतात आणि त्यातून सतत उष्णता निघते. म्हणून थंडीत घोड्याला दाण्यापेक्षा वैरण वाढवणं जास्त कामाचं. पोटभर वैरण, कोरडी जागा आणि वाऱ्याला आडोसा मिळाला तर निरोगी घोडा पानिपतपेक्षा कितीतरी कडक थंडी काढतो. तळावर नेमकी वैरणच संपली होती. घोडे आधी खंगले, मग गारठले.

दुसरा शत्रू घाम. थंडीत घोड्याचे केस उभे राहतात आणि त्यांत हवा अडकते. तीच त्याची रजई. घामाने केस चिकटले की रजई गेली. म्हणून लांबच्या दौडीनंतर जाणता स्वार घोडा एकदम थांबवत नाही. तो त्याला हळूहळू चालवतो, कोरड्या गवताने अंग पुसतो आणि मगच झूल टाकतो. पाठीवरचं जाड खोगीर घामही शोषून घेई. ('खोगीरभरती' हा शब्द त्याच्यात कोंबलेल्या चिंध्यांवरून आला, पण त्या चिंध्या अगदीच निकामी नव्हत्या!) मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेला गेलात तर घोडेवाल्यांना याबद्दल जरूर विचारा.

स्वाराला निदान मांड्यांखाली घोड्याची ऊब मिळायची. पहाटे औशाहून लातूरला मोटारसायकलवर जाणाऱ्या तुम्हाला तीही नाही. हवा १० अंश असली तरी ताशी ५० किलोमीटर वेगात उघड्या कातडीला ती पाच-सहा अंशांसारखी लागते. तेव्हा नुसत्या चहावर निघू नका. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, काहीतरी पोटात असू द्या (मधुमेह असेल तर गूळ सोडा, पण गोळी घेऊन उपाशी मुळीच निघू नका). आत कोरडा सुती कपडा, मधे लोकर, वर वारा अडवणारं जर्किन. आतला कपडा घामाने किंवा दवाने भिजला तर तो आधी बदला, कारण पाणी हवेच्या वीसपटींहून अधिक वेगाने ऊब ओढून नेतं. आणि 'थोडी घेतली की गरम वाटतं' हा निव्वळ भास आहे. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या पसरतात आणि आतली ऊब बाहेर निघून जाते.

कुडकुडणं चांगलं लक्षण आहे. शरीर अजून लढतंय. पण गारठलेला माणूस कुडकुडायचा थांबला, बोलताना अडखळू लागला, गुंडी लावता येईना किंवा असंबद्ध बोलू लागला, तर शरीराचं तापमान ३५ अंशांखाली गेलेलं असू शकतं. म्हाताऱ्या माणसांत हे घरबसल्याही होतं. अशा वेळी ओले कपडे काढा आणि कोरड्या घोंगडीत डोक्यासकट गुंडाळा, चेहरा तेवढा मोकळा ठेवा. शुद्धीवर असेल, गिळता येत असेल तरच कोमट गोड पेय द्या. हातपाय जोराने चोळू नका, शेकोटीला चिकटवून बसवू नका, आणि १०८ ला फोन करा.