चेरीचा मुरांबा आणि साखरेचे मोल

आजच्या विषयाचे नाव फलकावर वाचून काही मंडळींना हसू आले असेल. व्याख्यानमालेत लढाया यावयाच्या, राज्यक्रांत्या यावयाच्या. तेथे मुरांब्याचे काय काम? आमचे म्हणणे एवढेच की, ही बरणी उघडून पाहिली तर माणसांच्या पुष्कळ हालअपेष्टा तिच्या तळाशी सापडतात.

प्रथम फळाविषयी. आपल्याकडे केकवर बसणारी लाल ‘चेरी’ बहुधा साखरेत मुरवून रंगविलेले करवंदच असते. खरी चेरी थंड मुलखातली. रोमन ग्रंथकार प्लिनी सांगतो की, लुकुल्लस या सेनापतीने मिथ्रिडेटीसवर जय मिळवीपर्यंत इटलीत चेरी नव्हती, आणि पुढे सव्वाशे वर्षांच्या आत ती ब्रिटनपर्यंत पोचली. उन्हाळ्यातले काही आठवडे झाड लालबुंद होते आणि तोडलेले फळ चार दिवसांत नासू लागते. ते टिकवावे कसे?

युरोपजवळ मध होता, साखर नव्हती. साखर गेली ती आपल्याकडून. संस्कृतातली ‘शर्करा’ फारसीत ‘शकर’ झाली, अरबीत ‘सुक्कर’ झाली आणि पश्चिमेस जाऊन ‘शुगर’ म्हणून बसली. उलट मुरांबा या शब्दात आपणांस घरचा आंबा ऐकू येतो. पण तो आला आहे अरबी ‘मुरब्बा’वरून! शब्दांची देवघेव कोणाला विचारून होत नाही.

इ. स. १५५५ मध्ये फ्रान्समध्ये लिआँ येथे पाकातल्या फळांवर एक पुस्तक निघाले. त्याचा कर्ता नोस्ट्राडेमस. भविष्ये सांगणारा म्हणून जो प्रसिद्ध आहे तोच. पेशाने तो वैद्य होता. साखरेत, मधात आणि आटविलेल्या द्राक्षरसात फळे कशी मुरवावी हे त्याने सांगितले असून त्यात चेरीही आहे. त्याची भविष्ये किती खरी ठरली या वादात आम्ही पडत नाही. त्याचे पाक मात्र उपयोगी पडले असावेत. त्या काळी साखर औषधविक्याच्या दुकानी मिळे. चेरीचा मुरांबा ही श्रीमंतांची चैन होती.

पुढे साखर स्वस्त झाली. कशाने? वेस्ट इंडीजच्या मळ्यांत आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या श्रमाने. हे इंग्लंडातील सामान्य माणसांना कळले तेव्हा १७९१ साली विल्यम फॉक्स याच्या पत्रकाने साखरेवर बहिष्काराची हाक दिली. सुमारे तीन लाख माणसांनी साखर सोडली, असा क्लार्कसनचा अंदाज होता. काही घरांत साखरदाणीवर लिहिलेले असे की, आतील साखर ईस्ट इंडियाची आहे, गुलामांनी केलेली नाही. म्हणजे मूळ घरची साखर पुन्हा चांगली ठरली! कंपनीच्या राज्यात आपली रयत सुखात होती असे मात्र यावरून कोणी समजू नये. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी मोडणारा कायदा १८३३ मध्ये झाला. पुढे बीटची साखर आली, १८७४ मध्ये ब्रिटनने साखरेवरची जकात उठविली, आणि मजुराच्या पावावरही जॅम दिसू लागला.

घरी हा जॅम करणे दिसते तितके सोपे नाही. बिया काढाव्या लागतात. शिवाय चेरीत पेक्टिन, म्हणजे रसाला घट्टपणा आणणारे द्रव्य, थोडे. म्हणून लिंबू पिळतात. साखर मात्र जवळजवळ फळाइतकीच हवी. ती पाणी स्वतःकडे बांधून ठेवते, त्यामुळे जंतूंना वाढता येत नाही. साखरेत काटकसर केली की बरणीवर बुरशी आलीच.

म्हणूनच दुसऱ्या महायुद्धात पेच पडला. जानेवारी १९४० मध्ये ब्रिटनमध्ये साखरेचे रेशन सुरू झाले. तेथील बागांत, १५३३ पासून चेरी पिकविणाऱ्या केंट परगण्यातसुद्धा, फळ होते. पातेल्यात घालायला साखर नव्हती. तेव्हा खेड्यांतील महिलामंडळांना सरकारने साखर दिली. शाळांतून, सभागृहांतून, घरच्या स्वयंपाकघरांतून बायकांनी पातेली ढवळली. १९४० ते १९४५ या काळात ५,३०० टनांहून अधिक फळ त्यांनी वाया जाण्यापासून वाचविले. पण १९४१ मध्ये जॅमही रेशनवर आला, आणि ही केंद्रे जो जॅम करीत तो दुकानांकडे जाई. दिवसभर वाफेत उभ्या राहणाऱ्या बाईला स्वतःच्या हातचा जॅम आपल्या रेशनच्या हिश्शातून, पैसे मोजून, विकत घ्यावा लागे. युद्ध संपले तरी साखरेचे रेशन तेथे सप्टेंबर १९५३ पर्यंत चालूच होते.